नवतपा, विहीर आणि कायदा



आपल्या वऱ्हाडात २५ मेपासून नवतपा लागतो. त्या नऊ दिवसांचे ऊन कसे असते हे इथे कोणाला सांगायला नको. २०२४ साली नेमक्या याच सुमारास अकोल्याच्या जिल्हा प्रशासनाने जिल्ह्यात कलम १४४ लागू केले. हे कलम आपण दंगलीच्या, मोर्च्याच्या किंवा निवडणुकीच्या वेळी ऐकलेले असते. या वेळी मात्र ते उन्हासाठी होते. पारा ४५ अंशांच्या वर गेला होता. कामाच्या ठिकाणी मजुरांना पिण्याचे पाणी आणि उन्हापासून बचावाची सोय द्यावी, खासगी शिकवणी वर्ग भर दुपारी घेऊ नयेत, असे त्या आदेशात होते. ३१ मेपर्यंत तो लागू राहिला. (१ जुलै २०२४ पासून जुनी दंडप्रक्रिया संहिता गेली आणि कलम १४४ ची जागा नव्या संहितेतील कलम १६३ ने घेतली.)

आमच्या अभ्यासगटात या आदेशावर बोलणे निघाले तेव्हा एका मावशींनी विचारले, "आदेश निघाला हे खरे, पण आमच्या साइटवर तर कोणीच सांगितले नाही. मग तो आदेश कोणासाठी होता?" या प्रश्नाचे उत्तर आम्हांला लगेच देता आले नाही. म्हणून पर्यावरणाचा कायदा म्हणजे काय, हवामानाविषयी सरकारचे धोरण काय आणि आपल्या अमरावती-अकोल्याच्या माणसाशी त्याचा संबंध काय, याचा आम्ही थोडा अभ्यास केला. तो आज आपल्यापुढे ठेवत आहोत.

१. घटनेने काय दिले आहे?

आपल्या राज्यघटनेत सुरुवातीला पर्यावरण हा शब्द नव्हता. १९७२ साली स्टॉकहोम येथे पर्यावरणाविषयी जागतिक परिषद झाली. त्यानंतर १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने दोन गोष्टी आल्या. कलम ४८-अ प्रमाणे पर्यावरण, वने आणि वन्यजीव यांचे रक्षण हे राज्याचे काम ठरले. कलम ५१-अ प्रमाणे तेच प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्यही ठरले. म्हणजे जबाबदारी फक्त सरकारवर टाकलेली नाही. ती आपल्यावरही आहे.

पाण्याच्या प्रदूषणाचा कायदा १९७४ साली झाला, हवेचा १९८१ साली. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळची वायुदुर्घटना घडली आणि त्यानंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, कलम २१ मधील जगण्याच्या हक्कात प्रदूषणमुक्त पाणी आणि हवा यांचा हक्कही येतो.

२१ मार्च २०२४ रोजी न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले. प्रकरण माळढोक पक्ष्याचे होते. राजस्थान आणि गुजरातमध्ये सौर व पवन ऊर्जेच्या उंच तारांना धडकून हा दुर्मीळ पक्षी मरत होता. तारा जमिनीखालून टाका, असा आदेश २०२१ साली झाला होता. सर्व ठिकाणी ते शक्य नाही, असे सरकारचे म्हणणे पडले. एका बाजूला नष्ट होत चाललेला पक्षी आणि दुसऱ्या बाजूला कोळशाऐवजी सूर्याची वीज. दोन्ही गोष्टी चांगल्या, तरी एकमेकींच्या आड आलेल्या. न्यायालयाने तज्ज्ञांची समिती नेमली. त्याच निकालात असे म्हटले की, हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क कलम १४ आणि २१ यांमध्ये सामावलेला आहे. कलम १४ म्हणजे समानतेचे कलम. ते इथे का आले? कारण ऊन सर्वांवर सारखे पडले तरी ते सर्वांना सारखे लागत नाही. कूलरखाली बसलेल्याला आणि स्लॅबवर घमेले उचलणाऱ्याला नवतपा वेगवेगळा असतो.

पुढच्याच वर्षी, २३ जुलै २०२५ रोजी, हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयानेही मत दिले की, हवामानाचे रक्षण करणे हे सर्व राष्ट्रांचे कायदेशीर कर्तव्य आहे. या मागणीची सुरुवात पॅसिफिक महासागरातील बेटांवरच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी केली होती आणि व्हानुआटू या लहानशा देशाने ती पुढे नेली.

२. धोरण पुढेही जाते, मागेही येते

२०१५ च्या पॅरिस करारात भारत सामील आहे. २०७० पर्यंत निव्वळ कार्बन उत्सर्जन शून्यावर आणण्याचे उद्दिष्ट भारताने २०२१ साली ग्लासगो येथे जाहीर केले. वीजनिर्मितीच्या एकूण क्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा, तेल, वायू सोडून इतर साधनांची असावी, असे २०३० साठी ठरले होते. ते २०२५ सालीच गाठले गेले. क्षमता निम्मी झाली म्हणजे वीज निम्मी झाली असे मात्र नाही. सूर्य रात्री नसतो. आपल्या पारसच्या औष्णिक केंद्रात आजही कोळसाच जळतो.

काही बदल मात्र कायदा सैल करणारेही आहेत. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने पर्यावरण संरक्षण कायद्यातील बहुतेक गुन्ह्यांची कैद काढून त्या जागी दंड आणला. त्याच वर्षी वनसंरक्षण कायद्यात दुरुस्ती होऊन काही जमिनी त्याच्या कक्षेबाहेर काढण्यात आल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन वनाची जुनी व्यापक व्याख्या तूर्त कायम ठेवली.

एका प्रकरणात तर न्यायालयाचेच मत सहा महिन्यांत बदलले. आधी बांधकाम करायचे आणि मागाहून पर्यावरणाची मंजुरी मिळवायची, अशी पद्धत पडली होती. मुंबईच्या 'वनशक्ती' संस्थेने त्याविरुद्ध दाद मागितली. १६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत बेकायदा ठरवली. १८ नोव्हेंबर २०२५ रोजी तीन न्यायाधीशांच्या पीठाने दोन विरुद्ध एक अशा मताने तो निकाल मागे घेतला आणि प्रकरण पुन्हा सुनावणीसाठी पाठवले. हजारो कोटींची सार्वजनिक बांधकामे पाडावी लागतील, ही बहुमताची चिंता होती. आपल्या अमरावतीचे सुपुत्र, त्या वेळचे सरन्यायाधीश भूषण गवई हे बहुमतात होते. त्याआधीचा निकाल देणाऱ्यांपैकी एक, न्यायमूर्ती उज्ज्वल भुयान, यांनी मात्र विरोधी मत नोंदवले.

हे सांगण्याचा हेतू कोणाला दोष देण्याचा नाही. एवढेच लक्षात घ्यावे की, कायदा ही एकदा मिळाली की कायमची आपली झाली अशी वस्तू नाही. तो कधी घट्ट होतो, कधी सैल. आणि तो घट्ट असला तरी आपोआप कामाला लागत नाही. हे समजण्यासाठी आता आपल्याच भागातील तीन उदाहरणे पाहू.

३. पायविहीर : कायदा हाती घेतलेले गाव

अचलपूर तालुक्यात मेळघाटच्या पायथ्याशी पायविहीर हे लहान गाव आहे. वस्ती मुख्यतः कोरकू समाजाची. गावाजवळची वनजमीन उजाड झाली होती आणि कामासाठी लोक बाहेरगावी जात. २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलात आणि जंगलाच्या कडेला राहणाऱ्या गावांना सामूहिक वनहक्क देऊ केला होता. 'खोज' या संस्थेच्या मदतीने गावाने कागदपत्रे जमवली, दावा दाखल केला, पाठपुरावा केला आणि २०१२ साली सुमारे १९० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला.

हक्क मिळाला म्हणजे जंगल मिळाले असे नव्हते. मिळाली ती बोडकी टेकडी. ग्रामसभेने राखणीचे नियम ठरवले. रोजगार हमीच्या कामातून चर खोदले, झाडे लावली. मजुरी गावातच मिळू लागली. हळूहळू गवत आले, पाणी मुरू लागले. जंगलातली सीताफळे पूर्वी मातीमोल भावाने जात. गावाने ती स्वतः निवडून, पेट्यांत भरून मुंबईच्या बाजारापर्यंत नेली. २०१४ साली या गावाला संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा भारतीय जैवविविधता पुरस्कार मिळाला.

हा कायदा देशभर एकच आहे. जो कागद पायविहीरला मिळू शकत होता तो इतर कित्येक गावांनाही मिळू शकत होता. फरक पडला तो ग्रामसभा बसली म्हणून, आणि मिळालेल्या हक्काबरोबर कुऱ्हाडीला आवर घालण्याचे बंधनही गावाने स्वतःवर घेतले म्हणून.

४. अकोला-खंडवा रेल्वे : दोन्ही बाजू खऱ्या असतात तेव्हा

आपल्यापैकी जुन्या मंडळींना अकोल्याहून अकोट, धूळघाट, खंडव्याकडे जाणारी मीटरगेज गाडी आठवत असेल. धूळघाटजवळ गाडी गोल वळसा घेऊन स्वतःच्याच रुळावरून जाई, ते पाहायला मुले खिडकीला चिकटत. ही गाडी २०१७ साली बंद झाली, कारण मार्ग रुंद करायचा होता. पण त्याचा सुमारे ३८ किलोमीटरचा भाग मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून जातो. मीटरगेजवर दिवसाला मोजक्या, संथ गाड्या असत. ब्रॉडगेज झाल्यावर वेगवान गाड्या आणि मालगाड्या रात्रंदिवस धावल्या तर वाघ, अस्वले, सांबर यांचे काय होणार, हा प्रश्न उभा राहिला.

वन्यजीवप्रेमींनी हरकत घेतली. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीपुढे विषय गेला. दुसरीकडे अकोट-तेल्हाऱ्याच्या आणि धारणीकडच्या लोकांचे म्हणणे होते की, आमची गाडी गेली, दवाखान्याला आणि बाजाराला जायचे कसे? हेही खोटे नव्हते. शेवटी व्याघ्र प्रकल्पाला वळसा घालून, बुलडाणा जिल्ह्याच्या बाजूने जाणारा लांबचा पर्यायी मार्ग पुढे आला. अकोला ते अकोट हा भाग रुंद होऊन २०२२ साली त्यावर गाडी सुरू झाली.

या वळशाची किंमत आहे. अंतर वाढते, खर्च वाढतो, वेळ लागतो आणि डोंगरातल्या जुन्या स्टेशनांवरची माणसे वाट पाहत राहतात. वाघाचे रक्षण करायचे आणि त्याचा भार मात्र गरीब आदिवासी प्रवाशावर टाकून मोकळे व्हायचे, हे न्यायाचे होणार नाही. म्हणून अशा वादात कोणत्या बाजूला टाळी वाजवायची एवढेच पाहू नये. भार कोणावर पडतो हेही पाहावे.

५. विहीर : ज्या कायद्याला कोणी हात लावत नाही

तिसरे उदाहरण आपल्या स्वतःच्या अंगणातले आहे, म्हणून ते सर्वांत अवघड.

वरूड-मोर्शीचा संत्रापट्टा आपली शान. संत्र्याचे झाड वर्षाचे बारा महिने उभे असते. आंबिया बहारासाठी हिवाळ्यात ताण तोडला की पुढे उन्हाळाभर ओलीत लागते. विहिरी आटल्या तसे बोअर आले, बोअर आटले तसे ते अधिक खोल गेले. या भागाचे भूजल अतिशोषित म्हणून नोंदले गेले आहे. म्हणजे पाऊस जेवढे पाणी जमिनीत घालतो त्यापेक्षा जास्त आपण उपसतो. दुसऱ्या बाजूला अकोला, अमरावती, बुलडाणा यांमधील पूर्णेच्या खोऱ्यात खारपाण पट्टा आहे. तिथे जमिनीखाली पाणी आहे, पण ते खारे आहे. पिण्याला चालत नाही, ओलिताने जमीन बिघडते. एकाच जिल्ह्यात एका गावाला गोड पाणी उपसण्याचा लोभ आणि दुसऱ्या गावाला गोड पाण्याची वाट.

१८८२ च्या इंग्रजी काळातील कायद्यापासून आपल्या मनात एक गोष्ट पक्की बसली आहे : जमीन ज्याची, तिच्याखालचे पाणीही त्याचे. पण पाणी सातबारा पाहून थांबत नाही. ते धुऱ्याखालून वाहते. माझ्या खोल बोअरमध्ये येणारे पाणी काल शेजाऱ्याच्या विहिरीत होते.

हे ओळखून महाराष्ट्राने १९९३ साली कायदा केला. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर खोदू नये, असा त्यात नियम होता. त्यानंतर महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ विधिमंडळाने संमत केला आणि तो २०१४ पासून अमलात आला. त्यात विहिरींची आणि बोअर मारणाऱ्या यंत्रांची नोंदणी आहे. साठ मीटर, म्हणजे सुमारे दोनशे फुटांपेक्षा अधिक खोल विहिरीवर अधिसूचित क्षेत्रात बंदी आहे. नियमांचा मसुदा २०१८ साली लोकांपुढे आला तेव्हा त्यावर पुष्कळ हरकती आल्या.

आता प्रामाणिकपणे सांगू या. बोअरची गाडी वावरात आली तेव्हा आपल्यापैकी किती जणांनी दोनशे फुटांची मर्यादा विचारली? आम्हीही विचारली नव्हती. आपल्या चर्चच्या आवारातील बोअर आटला तेव्हा तो आणखी खोल करा असेच आम्ही म्हणालो, आणि पाणी लागले तेव्हा देवाचे आभार मानले. आवाराच्या भिंतीपलीकडच्या विहिरीत त्या उन्हाळ्यात पाणी होते की नव्हते, हे आम्ही पाहिले नाही. कारखाना नदीत घाण सोडतो तेव्हा कायदा कुठे आहे असे आपण विचारतो. स्वतःच्या बोअरच्या वेळी तो कायदा आपल्याला आठवत नाही.

यावर उपाय नाही असे नाही. २०१८ साली जागतिक बँकेच्या साहाय्याने महाराष्ट्रात नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प सुरू झाला. हवामान बदलाला तोंड देणारी शेती हा त्याचा हेतू. पहिल्या टप्प्यात १५ जिल्ह्यांतील पाच हजारांहून अधिक गावे घेतली गेली. त्यांत खारपाण पट्ट्यातील सुमारे नऊशे गावे होती. शेततळी, ठिबक, तुषार यांना अनुदान मिळालेच. पण त्यातली अधिक मोलाची गोष्ट म्हणजे गावाच्या पाण्याचा ताळेबंद : पाऊस किती पडला, मुरला किती, पिकांना किती लागेल हे गावाने एकत्र बसून मांडायचे. घरखर्चाचा हिशेब ठेवणाऱ्या बहिणींना हे वेगळे शिकवावे लागणार नाही.

६. श्रद्धेच्या दृष्टीने

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' हे परिपत्रक लिहिले. हवामान ही सर्वांच्या मालकीची, सर्वांच्या हिताची गोष्ट आहे आणि पिण्यायोग्य पाणी हा माणसाचा मूलभूत हक्क आहे, असे त्यात शिकवले आहे. पृथ्वीची आणि गरिबाची हाक एकत्र ऐकावी, हे त्याचे सार. २०२३ साली 'लाउदाते देउम' लिहून त्यांनी तीच गोष्ट अधिक तळमळीने सांगितली. आपल्या शेजाऱ्यावर प्रेम करा ही आज्ञा आपण लहानपणापासून पाठ म्हणतो. वऱ्हाडात आज त्या आज्ञेचा एक अर्थ असा की, शेजाऱ्याची विहीरही आपली काळजी आहे.

७. आपण काय करू शकतो?

• उन्हाळ्यात आपल्या घरी, वावरात किंवा बांधकामावर मजूर असतील तर भर दुपारी काम बंद ठेवावे. थंड पाणी आणि सावली द्यावी. मजुरी मात्र कापू नये. यासाठी कलेक्टरच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही.

• २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा भरतात. तिथे जावे. गावाच्या पाण्याचा ताळेबंद मागावा. बहिणींनी अवश्य बोलावे, कारण पाणी भरण्याचे काम त्यांच्याच डोक्यावर असते.

• मोठा कारखाना किंवा खाण येणार असेल तर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे बहुतेक प्रकल्पांसाठी जनसुनावणी घ्यावी लागते. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ तीस दिवस आधी सूचना देते. तोंडी बोलता येते, लेखी हरकतही देता येते.

• माहिती हवी असेल तर माहितीचा अधिकार आहे. अर्जाला दहा रुपये लागतात. पर्यावरणाचे नुकसान होत असेल तर २०१० च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे जाता येते. आपल्यासाठी त्याचे पीठ पुण्याला आहे. वादाचे कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो, म्हणून उशीर करू नये.

• नवा बोअर मारण्याआधी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात चौकशी करावी. जुन्या विहिरीचे पुनर्भरण करावे.

चर्चच्या छपराचे पावसाचे पाणी आज गटारात जाते. ते आवारातील बोअरजवळ मुरवावे, असे आम्ही येत्या सभेत मांडणार आहोत. जे आपण खोलातून उपसले त्यातले थोडे तरी परत देऊ. खर्चाचा अंदाज आणि श्रमदानाची नावे मिस्सानंतर द्यावीत.

त्या मावशींच्या प्रश्नाचे उत्तर आता असे देता येईल : तो आदेश तुमच्यासाठीच होता. तो तुमच्यापर्यंत पोहोचला नाही, कारण आमच्यापैकी ज्यांनी तो वर्तमानपत्रात वाचला त्यांनी तो तुमच्या साइटपर्यंत आणला नाही. पुढच्या नवतप्यात असे होऊ नये.

गटात चर्चेसाठी प्रश्न

१. गेल्या उन्हाळ्यात आपल्या गल्लीत उन्हाचा सर्वांत जास्त त्रास कोणाला झाला? आपण त्यांच्यासाठी काय केले?

२. आपल्या घराची किंवा वावराची विहीर, बोअर किती खोल आहे? वीस वर्षांपूर्वी पाणी किती फुटांवर लागत होते? घरातील वडीलधाऱ्यांना विचारून या.

३. पायविहीरच्या लोकांनी हक्काबरोबर बंधनही स्वीकारले. पाण्याच्या बाबतीत आपण कोणते एक बंधन स्वीकारायला तयार आहोत?

४. अकोला-खंडवा रेल्वेच्या वादात आपण अकोटचे प्रवासी असतो तर काय म्हटले असते? धूळघाटचे रहिवासी असतो तर?